दोन हात पुढं, दोन हात मागं

रज्जाकभाई मिस्त्री गाडी बघायला गेले की गाडीकडे बघतच नसत. आधी उकिडवे बसून ते गाडीखालची जमीन बघायचे. तेलाचा थेंब पडलाय का, पडला असेल तर ताजा आहे की मातीने पिऊन टाकलेला, एवढं झालं की गुडघ्यांवर हात देऊन उठायचे आणि मालकाच्या तोंडाकडे बघायचे. मग विचारायचे, "कशापायी इकतायसा, मालक?" उत्तर पूर्ण होईपर्यंत नजर हलायची नाही. बॉनेट उघडायचं की चहा पिऊन निघायचं, हे त्या उत्तरावर ठरायचं. बहुतेक वेळा आम्ही चहा पिऊन निघालो.

'आम्ही' म्हणजे ते आणि मी. मी जनावरांचा डॉक्टर. घर सांगलीला, नोकरी उंब्रजच्या बाजूला. चाफळ खोऱ्यातल्या वरच्या वस्त्या माझ्याकडे होत्या, आणि तिथली जनावरं नेमकी रस्ता संपल्यावरच आजारी पडत. सात-आठ वर्षं मोटारसायकलवर काढली. मग एका चिखलाच्या उतरणीवर घसरलो आणि खांद्याचं हाड मोडून घेतलं. प्लास्टर बघून बायको म्हणाली, "चार चाकांचं काहीतरी घ्या, नाहीतर बदलीचा अर्ज मी करते तुमच्या नावाने." चार चाकांचं काही मी आयुष्यात कधी घेतलं नव्हतं. छोटी कार त्या वस्त्यांवर चढली नसती, नवी मोठी गाडी माझ्या पगारात बसली नसती. राहिली जुनी जीप, चारही चाकांना जोर लागणारी. ज्याला विचारावं तो सांगायचा, घ्यायची ती घ्या, पण रज्जाकभाईला दाखवल्याशिवाय घेऊ नका.

उंब्रजच्या अलीकडे हायवेला लागूनच त्यांचं दुकान होतं. पत्र्याची शेड, पुढे ऑइलने काळी झालेली जमीन. ते उंच, हडकुळे, खाकी शर्टातले. कानावर पेन्सिल असायची, पण तिने ते कधी काही लिहीत नसत. इंजिनातला भाग दाखवायचा असला की बोटाऐवजी पेन्सिल पुढे करायचे. बोलणं हळू, बशीतून चहा. दुकानात गाडीला शिवी द्यायची नाही आणि टायरवर लाथ मारायची नाही, हे दोन नियम. एकदा कुणीतरी सवयीने टायरवर लाथ मारून हवा बघितली. रज्जाकभाई शांतपणे म्हणाले, "पाव्हणं, म्हस बगायला गेल्यावर तिला लाथ मारतासा व्हय? हे डाक्टरच हायेत, इचारा त्यास्नी." माझी साक्ष काढायची त्यांना मोठी हौस होती. त्यांच्या मते आमचा दोघांचा धंदा एकच. आजारी बोलत नाही, आणि जो बोलतो तो मालक खरं सांगत नाही.

कोरेगावला आम्ही एक जीप बघितली. तिला इतका ताजा हिरवा रंग मारला होता की मला ती लांबूनच आवडली. मालक एकसारखा बोलत होता. रज्जाकभाईंनी जमीन बघितली, त्याचं तोंड बघितलं, त्याच्या घरच्या चहाचं कौतुक केलं आणि चपला घातल्या. मोटारसायकलवर मागे बसल्यावर माझ्या कानात म्हणाले, "डाक्टर, रंग गाडीला न्हाई दिलेला, तुमच्या डोळ्याला दिलाय."

तासगावची जीप मात्र खरोखर चांगली होती. द्राक्षबागेच्या कडेला उभी, जुनी पण नीटनेटकी. मी इसाराचे पैसे खिशात घालूनच गेलो होतो. मालक सत्तरीपलीकडचे आण्णा, त्यांचे दोन्ही मुलगे शेजारी उभे. जमीन कोरडी निघाली. मग नेहमीचा प्रश्न. आण्णा म्हणाले, "पोरं म्हणत्यात, नुसती जागा अडवती." बोलता बोलता त्यांचा हात मडगार्डवरची धूळ झटकत होता. झटकून झाली तरी झटकतच होता. रज्जाकभाई म्हणाले, "आण्णा, इकू नगासा. तुमी अजून उतरला न्हाईसा हिच्यातनं."

मुलगे चिडले. मीही चिडलो. कराडला चहाला थांबलो तेव्हा त्यांनी बशीत फुंकर घालत विचारलं, "राग आला न्हवं?"

"आला."

"यिऊ द्या. म्हाताऱ्याची गाडी घिऊन तुमी सुखानं बसला नसता."

मी अगदी सुखाने बसलो असतो, पण हे त्यांना सांगून उपयोग नव्हता.

अशा चार-पाच गाड्या हातच्या गेल्यावर माझं लक्ष त्यांच्याच शेडमध्ये, मागच्या भिंतीजवळ ताडपत्री घालून ठेवलेल्या जीपकडे जायला लागलं. एका शुक्रवारी मी दुपारी गेलो होतो. रज्जाकभाई नमाजाहून आले ते पांढऱ्या स्वच्छ कपड्यांत. त्यांना स्वच्छ कपड्यांत बघायचा आठवड्यातला तेवढाच मुहूर्त. त्यांनी ताडपत्री काढली, घडी घालून बाजूला ठेवली, आत बसले. डिझेल गाडी, त्यामुळे आधी इंजिन तापवायला हीटरचं बटण दाबून धरलं, तोंडातल्या तोंडात आकडे मोजले आणि चावी फिरवली. गाडी एका झटक्यात लागली. पाच मिनिटं चालू ठेवली. मग दोन हात पुढं घेतली, दोन हात मागं घेतली, बंद केली, आणि ताडपत्री पुन्हा अंगभर पांघरली.

"ही विकायची आहे?" मी विचारलं.

"न्हाई."

"तुमचीच ना?"

"माझी आसती तर कवाच दिली आसती तुमाला. अमानत हाय."

हळूहळू कळलं ते असं. अजित निकम नावाचा वरच्या एका गावचा माणूस लष्करातून सुट्टीवर आला होता. गिअरबॉक्सच्या कामाला त्याने जीप लावली आणि "दिवाळीला येतो, नेतो," म्हणून गेला. त्या दिवाळीला तो आला नाही. त्याचा फोन लागेनासा झाला. रज्जाकभाई दोनदा त्याच्या गावी जाऊन आले. घरात वाटण्या झालेल्या, भाऊ-भाऊ बोलत नव्हते, त्यामुळे पत्ता कुणी दिला नाही. गिअरबॉक्स केव्हाच दुरुस्त झाला होता. तेव्हापासून दर शुक्रवारी हीटर, चावी, दोन हात पुढं, दोन हात मागं. एकाच जागी उभं राहून टायर बसू नयेत म्हणून. अशी अकरा वर्षं झाली होती.

मला ते तेव्हा मूर्खपणाचं वाटलं. जीप मात्र हवीशी वाटली, हेही सांगून टाकतो.

त्याच सुमाराला हायवे रुंद करायचं काम सुरू झालं. मोजणीवाले येऊन शेडच्या भिंतीवर लाल खूण करून गेले. रज्जाकभाईंचा मुलगा सलीम याने कराडच्या बाजूला नवी जागा बघितली. सलीम हुशार, व्यवहारी. तो गाडीला कॉम्प्युटर लावून दोष सांगायचा आणि मालकाच्या तोंडाकडे ढुंकूनही बघायचा नाही. सामान हलवायला लागल्यावर त्याने त्या जीपसाठी भंगारवाल्याला बोलावलं. बापलेकांचं माझ्यासमोरच वाजलं.

"अब्बा, अकरा वर्सं झाली. त्यो माणूस इसरला."

"इसरला आसंल तर त्येनं यिऊन सांगावं, इसरलो म्हणून."

"मग नव्या जागेत नेऊ की तिला."

"त्यो हितं यील. हितंच दिलीया त्येनं."

दोन दिवसांनी सलीम दवाखान्यात माझ्याकडे आला. "डाक्टरसाहेब, तुमीच काय तरी काढा. गाडी हलल्याबिगार अब्बा हलणार न्हाईत म्हणत्यात. शेड पाडायचं मशीन आलं तर तिच्यात बसून ऱ्हातील." हे तो थट्टेने बोलला नाही. मलाही ते खोटं वाटलं नाही.

रज्जाकभाईंना जे जमलं नव्हतं ते मला एका म्हशीने जमवून दिलं. अजित निकमांच्या धाकट्या भावाची म्हैस अडली होती. रेडकू आडवं होतं. तीन तास कोपरापर्यंत हात घालून मी ते जिवंत बाहेर काढलं. हात धुताना थोरल्याचा नंबर मागितला. त्या वेळी नाही म्हणणं त्याला जमण्यासारखं नव्हतं.

मी पुण्याला फोन लावला. निकम लष्करातून बाहेर पडून तिथे सुरक्षारक्षक पुरवायचा धंदा करत होते.

"कुठली जीप?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. पलीकडून मोठं हसू आलं. "आयला, अजून हाय व्हय ती? मला वाटलं, भंगारात गेली आसंल. घेऊन टाका तुम्ही डॉक्टर, मी कागद पाठवतो."

खरंच पाठवले. सह्या केलेले. ते नाचवत मी दुकानात गेलो. रज्जाकभाईंनी फडक्याला हात पुसले, कागद लांबूनच बघितले आणि घेतले नाहीत.

"सही त्येचीच आसंल. पन ज्याच्या हातनं घेतली त्येच्या हातात देणार. मंग त्यो तुमाला दिऊ दे, न्हाईतर नदीत घालू दे."

निकमांना हे पटवायला मला तीन फोन करावे लागले. शेवटी सांगलीला एका लग्नाला जाताना वाटेत अर्धा तास थांबायला ते तयार झाले. आणि इथे मी एक उद्योग केला. रज्जाकभाई काय विचारणार ते मला ठाऊक होतं. मी निकमांना म्हणालो, "ते विचारतील का विकताय म्हणून. भंगाराचं काढू नका. आठवण रोज येते म्हणा, पुण्यात जागा नाही म्हणा." म्हैस जगणार नाही हे दिसत असताना 'बघू, वाचेल' म्हणायची माझी जुनी सवय. त्यातलंच हे एक, असं मी धरून चाललो.

तो रविवार होता, तरी रज्जाकभाई पांढऱ्या कपड्यांत होते. जीप धुतलेली, ताडपत्री घडी करून ठेवलेली. निकम पांढऱ्या मोठ्या गाडीतून आले. त्यांची बायको काचा लावून आतच बसली. रज्जाकभाईंनी दोन्ही हातांनी चावी पुढे केली. "बसा, मालक."

निकम बसले आणि त्यांनी सरळ चावी फिरवली. इंजिन नुसतं गुरगुरलं. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. शेजारी सलीम पुटपुटला, "हीटर, हीटर." निकमांना ते काही उमजलं नाही. रज्जाकभाई पुढे झाले. मग खिडकीतून हात आत घालून त्यांनीच बटण दाबून धरलं, ओठांत आकडे मोजले, मान हलवली. गाडी लागली.

इंजिन चालू असतानाच त्यांनी विचारलं, "कशापायी इकतायसा, मालक?"

निकमांनी आधी माझ्याकडे बघितलं. "आठवण तर रोज येते हो चाचा. पण पुण्यात जागा कुठाय?"

रज्जाकभाई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. मी खाली जमिनीकडे बघत राहिलो. थेंब नव्हता.

"बरं," ते म्हणाले. "द्या मंग डाक्टरला."

निकमांनी खिडकीतून चावी माझ्या हातात दिली, रज्जाकभाईंच्या खांद्यावर हात टाकून एक फोटो काढला आणि लग्नाला गेले. सगळं मिळून वीस मिनिटं लागली असतील.

ते गेल्यावर रज्जाकभाई दगडावर बसले. "डाक्टर, बोलला त्यो, पन बोल तुमचं हुतं."

माझे कान तापले. चूक झाली, असं काहीतरी मी बोललो.

"चूक कशाची? त्यो आला, हातात घेतली, हातानं दिली. माझं काम झालं." कानावरची पेन्सिल काढून त्यांनी उगाच उलटीसुलटी केली. "खरंच इसरलावता?"

आता खोटं बोलायची माझी हिंमत नव्हती. "हो," मी म्हणालो. एका माणसाचे अकरा वर्षांचे शुक्रवार मी एका शब्दात मोडीत काढले असं मला वाटलं, आणि फार वाईट वाटलं.

पण त्यांचा चेहरा सैल झाला. "मंग बरं झालं," ते म्हणाले. "मिलट्रीतला माणूस. फोन लागंना. मला वाटलं, मेला का काय तिकडं. जिता हाय, बायकू हाय, गाडी हाय. इसरला तर इसरू दे."

जीप माझी झाली. निदान कागदावर. पासिंग संपलेलं, ते नव्याने करायला साताऱ्याला चार खेपा झाल्या. रज्जाकभाईंनी तीन दिवस मला ती चालवूच दिली नाही. तिच्याखाली पोतं अंथरून मला झोपवलं आणि पेन्सिलीने एकेक भाग दाखवला. मला त्यातलं निम्मं कळलं, आणि त्यातलं निम्मं मी विसरलो.

ते श्रावणात उघडं पडलं. वरच्या एका वस्तीवर गाय विण्याच्या कळा देत होती आणि मी चढणीच्या चिखलात रुतलो. फोर-व्हीलचा दांडा ओढला, इंजिन किंचाळलं, मागची चाकं चिखल उडवत जागच्या जागी फिरली, पुढची ढिम्म. वस्तीवरची माणसं वर उभी राहून बघत होती. मी रज्जाकभाईंना फोन लावला आणि तावातावाने सांगितलं की फोर-व्हील गेलं, तुम्ही दिलेली गाडी बिघडली.

"दांडा वडलासा?"

"ओढला."

"खाली उतरलासा?"

"कशाला?"

पलीकडून त्यांचं हसणं आलं. मी त्यांना हसताना क्वचितच ऐकलं होतं. "आवं डाक्टर, फुडच्या चाकांचं हब कुनी फिरवायचं? नुस्तं वर बसून हुकूम सोडला तर ती ऐकत न्हाई. खाली उतरा. चिखलात पाय घाला. दोन्ही फुडच्या चाकांच्या मधोमध चकती हाय, ती हातानं फिरवा, आन् मंग सांगा तिला."

उतरलो. घोट्यापर्यंत चिखल. दोन्ही चकत्या हाताने फिरवल्या आणि जीप शहाण्या बैलासारखी वर चढली. गाईला कालवड झाली. वस्तीवर मात्र कालवडीपेक्षा माझ्या हबाचीच चर्चा जास्त दिवस चालली.

पुढे शेड पाडली. रज्जाकभाई तेव्हा कराडला सलीमच्या घरी होते. पाडताना ते आले नाहीत. नव्या दुकानात त्यांना खुर्ची दिली होती, पण गिऱ्हाइकांच्या तोंडाकडे बघत बसायचे म्हणून गिऱ्हाईक बिचकायला लागलं, असं सलीम सांगायचा. शुक्रवारी ते उंब्रजलाच नमाजाला यायचे आणि नंतर जुन्या जागेवर, नव्या सर्व्हिस रोडच्या कडेला सिमेंटच्या ठोकळ्यावर बसायचे. मला जमेल तेव्हा मी जीप घेऊन तिकडे चक्कर टाकायचो. ते जमीन बघायचे, मान हलवायचे, मी निघायचो.

माझ्या बदलीचा कागद आला तो सांगलीजवळचा. सपाट मुलूख, गोठ्यापर्यंत डांबर. बायको खूश. घराखाली एकच गाडी लावायला जागा, आणि ती तिच्या स्कूटरनेच अर्धी अडवलेली. विट्याच्या एका हौशी माणसाने जीप घेण्याची तयारी दाखवली. किंमतही ठरली. हे रज्जाकभाईंच्या कानावर घालावं, म्हणून मी शुक्रवारी दुपारी गेलो. ती आमची शेवटची भेट. दीडेक महिन्याने सलीमचा फोन आला, तेव्हा दफनही उरकलं होतं.

त्या शुक्रवारी ते ठोकळ्यावरच होते, पांढऱ्या कपड्यांत. आधीपेक्षा बारीक झालेले. मी जीप त्यांच्यासमोर उभी केली आणि उतरलो. ते सावकाश उकिडवे बसले, खालची जमीन बघितली. गुडघ्यांवर हात देऊन उठायला त्यांना वेळ लागला. मग त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं.

ही नजर मी बाजूला उभा राहून कितीतरी माणसांवर पडलेली बघितली होती. माझ्यावर पहिल्यांदाच पडत होती. आता प्रश्न येणार म्हणून मी वाट बघत राहिलो. मनात उत्तरही तयार होतं, जागा नाही म्हणून. निकमांना मीच पढवलेलं.

त्यांनी काही विचारलं नाही. हात पुढे केला. मी चावी दिली. ते आत बसले, हीटर दाबून धरला, ओठ हलले, गाडी लागली. मागून ट्रक हॉर्न वाजवत होते. त्यांनी गाडी दोन हात पुढं घेतली, दोन हात मागं घेतली, बंद केली. उतरले आणि चावी दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली.

"काय काम काढलंवतं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. सहज आलो होतो."

"बरं केलंसा."

मी निघालो. आरशात बघितलं तर जीप जिथे उभी होती तिथे ते पांढऱ्या कपड्यांनिशी धुळीत उकिडवे बसले होते आणि एक हात जमिनीला टेकून खाली बघत होते. वळण येईपर्यंत ते तसेच दिसत राहिले.

कराड यायच्या आधी मी गाडी कडेला घेतली आणि विट्याच्या माणसाला फोन करून जीप द्यायची नाही म्हणून सांगितलं. तो भडकला. ठरलेला व्यवहार होता, त्याचं बरोबरच होतं.

"आवं, पन झालं काय एकाएकी?"

"गाडी माझी नाही हो," मी म्हणालो. "सांभाळायला दिलीय माझ्याकडे."

"मग आधी सांगायचं न्हाई व्हय!" असं म्हणून त्याने फोन ठेवला.